प्रेमकथेतला खोटा अडथळा

जबलपूरच्या जुन्या शहरातल्या दीक्षितपुऱ्यात राहणाऱ्या मराठी वाचकाला लोकप्रिय प्रेमकथा दोन भाषांतून भेटते. घरात मराठी आणि उंबरठ्याबाहेर हिंदी, अशा वस्तीत ना. सी. फडके आणि चंद्रकांत काकोडकर जितके हाताशी, तितकेच गुलशन नंदाही. १९५६पर्यंत जबलपूर आणि नागपूर एकाच प्रांतात होते, त्यामुळे मराठी पुस्तकांची वाट इथे नवी नाही. आणि हिंदी पॉकेट बुकांना तर वाट शोधावीच लागली नाही. दोन्ही भाषांतल्या प्रेमकादंबऱ्या सारख्याच आवडीने वाचणारा वाचक एका टप्प्यावर दोन्हींना सारखाच कंटाळतो, ही गोष्ट विचार करण्याजोगी आहे. एकाच भाषेतला वाचक निराश झाला, तर दोष त्या भाषेतल्या लेखकांवर टाकता येतो. दोन्हीकडे तेच घडत असेल, तर कारण त्या साहित्यप्रकाराच्या सवयीत शोधावे लागते. गोड शेवट, भाबडी भाषा, अति देखणे नायक ही नेहमीची कारणे मला पुरेशी वाटत नाहीत. वाचकाचा हिरमोड शेवटच्या पानावर जाणवत असला तरी त्याची सुरुवात फार आधी, प्रेमिकांच्या वाटेत जो अडथळा उभा केला जातो तिथे होते. तो अडथळाच खोटा असतो.

मराठीत हे भांडण कादंबरीइतकेच जुने आहे. लक्ष्मण मोरेश्वर हळबे यांची ‘मुक्तामाला’ १८६१ची आणि नारो सदाशिव रिसबूड यांची ‘मंजुघोषा’ १८६८ची. सद्गुणी नायिका, तिच्यावर संकटांची रांग, खलपुरुषांची कारस्थाने आणि अखेर सज्जनांचा विजय, असा त्या काळच्या अद्भुतरम्य कादंबरीचा साचा. लगेच १८७२ साली काशिनाथ बाळकृष्ण मराठे यांनी ‘नावल व नाटक’ यांविषयीच्या निबंधात अशा असंभाव्य कथांवर टीका केली. मराठी कादंबरीच्या निराश वाचकाने लेखी दाद मागितल्याचा हा आरंभीचाच दाखला. रिसबुडांनी मात्र आपली बाजू ‘मंजुघोषे’च्या प्रस्तावनेत आधीच मांडून ठेवली होती. त्यांच्या म्हणण्याचा आशय असा, की आपल्याकडच्या लग्नाच्या आणि इतर चालीरीतींमुळे लोकांच्या आयुष्यात रंजक असे काही घडतच नाही, मग लेखकाने अद्भुताचा आधार घेऊ नये तर काय करावे? ज्या समाजात मुलगी कळती होण्याआधीच बोहल्यावर चढते, तिथे प्रेमाची गोष्ट आणायची कुठून, हा प्रश्न वरवर बिनतोड वाटतो.

त्याला उत्तर पंचवीस वर्षांत मिळाले. हरिभाऊ आपट्यांनी ‘करमणूक’मध्ये क्रमशः लिहिलेली ‘पण लक्षांत कोण घेतो?’ १८९३मध्ये पुस्तकरूपाने आली. यमूच्या कहाणीत अद्भुत काही नाही. नवऱ्याशी जुळलेले मन, त्याचा मृत्यू, आणि मग घरच्या माणसांनी जबरदस्तीने केलेले केशवपन. निवड नसणे हाच जिथे विषय आहे, तिथे रंजक घटनांची वाण भासत नाही. १९३४मध्ये विभावरी शिरूरकरांच्या ‘हिंदोळ्यावर’मध्ये नवऱ्याने टाकलेली अचला पुन्हा प्रेम करू पाहते. हिंदू स्त्रीला घटस्फोटाचा कायदा मुंबई प्रांतात १९४७ला आणि देशभर १९५५ला मिळाला. म्हणजे अचलेच्या वाटेतली भिंत लेखिकेने कल्पनेने रचलेली नव्हती. नायकाचे एखादे पत्र हाती पडून ती कोसळणार नव्हती. वाचकाला ती कादंबरी अस्वस्थ करील, पण फसवल्याची भावना देणार नाही.

याच काळात फडके लोकप्रियतेच्या शिखराकडे निघाले होते. ‘जादूगार’ १९२८ची आणि ‘दौलत’ १९२९ची. मुलीचे लग्नाचे वय चौदा ठरवणारा सारडा कायदाही १९२९चाच. मुली कॉलेजात जाऊ लागल्या होत्या, लग्नाआधी ओळख आणि ओढ या गोष्टी मध्यमवर्गात निदान कल्पनेत तरी शक्य झाल्या होत्या, आणि रिसबुडांची अडचण आता उरली नव्हती. फडक्यांनी त्या पिढीला एक मोठी गोष्ट दिली: तरुण स्त्री-पुरुषांनी एकमेकांशी मोकळेपणाने बोलण्यात लाजिरवाणे काही नाही, हा विश्वास. ते श्रेय नाकारण्याचे कारण नाही. पण कथानकाची गुंफण, गुंता आणि उकल यांच्या तंत्राचा त्यांचा आग्रह, जो १९३१च्या ‘प्रतिभासाधना’त त्यांनी सविस्तर मांडला, अनुकरण करणाऱ्यांच्या हाती पडला तेव्हा तंत्र तेवढे उरले. उकलता येईल असाच गुंता निवडायचा, ही सवय लागली. गैरसमज, हरवलेली चिठ्ठी, मत्सरी प्रतिस्पर्धी, गरीब नायकाला अचानक मिळणारा वारसा. या अडथळ्यांचा एक समान गुण आहे. ते दूर होताना कुणालाच काही गमवावे लागत नाही.

याचा सर्वांत बोलका नमुना हिंदीत सापडतो. गुलशन नंदांच्या कादंबरीवरचा ‘कटी पतंग’ १९७१मध्ये पडद्यावर आला. त्यातली माधवी लग्नाच्या मांडवातून पळून जाते, प्रियकराने फसवल्यावर मरणाऱ्या मैत्रिणीला दिलेल्या वचनाखातर तिचे नाव घेते, आणि त्या विधवा मैत्रिणीच्या सासरी सून म्हणून राहू लागते. तिच्यावर प्रेम करणारा नायक तिला विधवा समजूनच पुढे येतो, हे त्याच्या पदरात घालायलाच हवे. विधवेचा पुनर्विवाह हा खराखुरा, जड प्रश्न इथे मांडला जातो आणि प्रेक्षकाचा जीव गुंततोही. पण नायिका मुळात विधवा नाही, हे आपल्याला पहिल्यापासून माहीत असते. सत्य उघड झाले की प्रश्नच उरत नाही. खरी विधवा आधीच मेलेली आहे, आणि तिच्या प्रश्नाचे उत्तर कुणालाच द्यावे लागत नाही. १८९३च्या यमूला अशी सुटका नव्हती. ऐंशी वर्षांनंतरच्या लोकप्रिय कथेने तोच विषय उचलला, पण तो पेलण्याची वेळ आली तेव्हा हात काढून घेतला. वाचक नाव देऊ शकला नाही तरी ही चलाखी त्याला कळते, आणि निराशा म्हणतात ती हीच.

आपल्या समाजात प्रेमाच्या वाटेत खरोखर काय आडवे येते, याबद्दल आकडेही आहेत. २०११-१२च्या भारतीय मानव विकास सर्वेक्षणात आंतरजातीय विवाहांचे प्रमाण देशभरात सुमारे ५ टक्के निघाले. मध्य प्रदेशात तर ते १ टक्क्याहूनही कमी होते. म्हणजे जबलपूरच्या वाचकाच्या आजूबाजूला प्रेमाची सगळ्यात मोठी परीक्षा जातीची आहे. लोकप्रिय प्रेमकादंबरीत मात्र जात क्वचितच दिसते. श्रीमंत-गरीब ही दरी तिथे चालते, कारण ती पैशाने बुजवता येते. आडनावे बहुधा अशी निवडलेली असतात, की शेवटी पत्रिका पाहिली असती तरी कुणी हरकत घेतली नसती. बंडखोरीचा देखावा दोनशे पाने चालतो आणि लग्न ठरते ते आईवडिलांनी ठरवले असते तसेच.

असे का होते, याचे उत्तर लेखकांच्या कुवतीपेक्षा पुस्तकांच्या प्रवासात आहे. वाचनालयातून घरी आलेली कादंबरी एकटी मुलगी वाचत नसे. आई, सासू, काकू, शेजारीण अशा हातांतून ती फिरे. या सगळ्यांना चालेल असाच अडथळा लेखकाला परवडतो. ब्रिटनमध्ये १९०८ला स्थापन झालेल्या मिल्स अँड बून या प्रकाशनसंस्थेनेही पुढे फिरत्या ग्रंथालयांच्या वाचकवर्गावरच आपला जम बसवला, आणि ठरावीक लांबीचे, ठरावीक वळणाचे पुस्तक नेमाने देण्याची पद्धत घट्ट केली. जिथे पुढचे पुस्तक महिनाभरात यायचे असते, तिथे आधीच्या पुस्तकाने कुणाला दुखावून चालत नाही.

यावर पहिला आक्षेप सरळ आहे. दिवसभर राबलेल्या बाईने घटकाभर मन रमवायला पुस्तक घेतले, तर तिथेही तिला जातीचे आणि कायद्याचे प्रश्न कशाला? अमेरिकेतल्या जॅनिस रॅडवे यांनी ‘रीडिंग द रोमान्स’ (१९८४) या अभ्यासात अशाच वाचक बायकांशी बोलून दाखवले, की वाचण्याची क्रियाच त्यांच्यासाठी घरकामातून स्वतःकरिता काढलेला वेळ होती. तो हक्क कुणी हिरावू नये. पण त्याच अभ्यासातून हेही दिसते, की या वाचक सरसकट काहीही गोड मानून घेत नव्हत्या. चांगली प्रेमकथा कोणती आणि फसलेली कोणती, याबद्दल त्यांची मते पक्की होती. विरंगुळ्यासाठी वाचणाऱ्यालाही निवड असते. रहस्यकथेत खुनी शेवटच्या पानावर उपटलेला अनोळखी माणूस निघाला, तर वाचक चिडतो, आणि त्याला कुणी ‘करमणूकच तर आहे’ असे सांगत नाही. प्रेमकथेच्या वाचकाने तेवढीच अपेक्षा ठेवली तर ती फार कशी?

दुसरा आक्षेप असा, की मग प्रेमकथेचा शेवट दुःखाचाच हवा का? मुळीच नाही. जेन ऑस्टेनच्या ‘प्राइड अँड प्रेज्युडिस’चा (१८१३) शेवट साखरेइतका गोड आहे. पण वडिलांची मालमत्ता मुलींना न मिळता दूरच्या नातलगाकडे जाणार, ही टांगती तलवार त्या घरावर खरी आहे. आणि नायिका एलिझाबेथने नाकारलेल्या त्याच मूर्ख नातलगाशी तिची सत्तावीस वर्षांची मैत्रीण शार्लट केवळ निवाऱ्यासाठी लग्न करते. एलिझाबेथचे सुख किती दुर्मिळ आहे, हे शार्लटच्या तडजोडीमुळे कळते. गोड शेवट पचतो, कारण शेजारीच त्याची किंमत लिहिलेली आहे.

तिसरा आक्षेप जुन्या ‘कलेसाठी कला की जीवनासाठी कला’ या वादातून येतो: खरा अडथळा मागणे म्हणजे कादंबरीला समाजसुधारणेच्या कामाला जुंपणे. फडके आणि खांडेकर यांच्या नावाने हा वाद मराठीत पुष्कळ रंगला. पण अडथळा खरा असणे म्हणजे उपदेश असणे नव्हे. विश्राम बेडेकरांच्या १९३९च्या ‘रणांगण’मध्ये कसलाच उपदेश नाही. बोटीवर भेटलेले चक्रधर आणि हार्टा. ती जर्मनीतून हाकलली गेलेली ज्यू स्त्री, तिला त्याच्या देशात उतरता येत नाही. आणि त्याचे जुन्या जखमेने बधिर झालेले मन वेळेवर हलत नाही. एक अडथळा जगाचा, दुसरा स्वभावाचा, दोन्ही खरे. लहानशी ही कादंबरी आजही वाचली जाते. कादंबरीतल्या माणसांना ज्याची झळ लागते तो अडथळा खरा. त्याला सामाजिक प्रश्नाचे लेबल लागते की नाही, हा मुद्दा वेगळा.

दीक्षितपुऱ्यातल्या वाचकाला हा शोध घ्यायला पुण्यामुंबईकडेच पाहण्याची गरज नाही. त्याच्याच शहरात राहिलेल्या सुभद्राकुमारी चौहान यांना लोक झाशीच्या राणीवरच्या कवितेसाठी ओळखतात. पण १९३२च्या ‘बिखरे मोती’ या संग्रहापासून त्यांनी ज्या कथा लिहिल्या, त्यांत विवाहित स्त्रीची परपुरुषाशी साधी निर्मळ मैत्रीदेखील घराला कशी सोसवत नाही, हे पुन्हा पुन्हा येते. तिथे गैरसमज आहे, पण पत्र सापडून मिटणारा नाही. त्या गैरसमजामागे सगळे घर उभे आहे. म्हणून लोकप्रिय प्रेमकथेवर रुसलेल्या वाचकाने प्रेमकथा वाचणे सोडू नये, आपली तक्रार नेमकी करावी. पुस्तक मिटल्यावर एवढेच विचारावे: हा अडथळा दूर झाला तेव्हा कुणाला काय सोडावे लागले? उत्तर ‘काहीच नाही’ असे आले, तर आपला हिरमोड रास्त होता असे समजावे, आणि पुढचे पुस्तक निवडताना वाचनालयात तो मोकळेपणाने बोलून दाखवावा. लेखक-प्रकाशकांनी आजवर वाचकाच्या पसंतीचे कारण पुढे करूनच सोपे अडथळे रचले आहेत. ती पसंती बदलल्याचे त्यांच्या कानावर घालणे हे वाचकाचेच काम आहे.