गाडी घरी धुवावी की डिटेलरकडे द्यावी?

गळीत हंगाम सुरू झाला की बारामती-इंदापूरकडच्या लासुर्णे, जंक्शन, बेलवडी या पट्ट्यात रात्री उघड्यावर लावलेल्या गाडीवर सकाळी काळी भुकटी बसलेली असते. काही साखर कारखान्याच्या बॉयलरच्या धुराड्यातली, काही शेतात पेटवलेल्या पाचटाची. जोडीला रस्त्याची धूळ असतेच. मालक डिकीतलं पिवळं फडकं काढतो, कोरड्या बॉनेटवरून गोल गोल फिरवतो आणि दोन मिनिटांत गाडी लख्ख दिसू लागते. गाडीच्या रंगाचं सर्वांत जास्त नुकसान याच दोन मिनिटांत होतं, आणि आपण त्याला निगा राखणं म्हणतो.

ऊस जमिनीतून भरपूर सिलिका उचलतो. पाचट किंवा बगॅस जळलं की बाकीचं उडून जातं, सिलिका राखेत उरते. रस्त्याच्या धुळीत क्वार्ट्‌झ आणि फेल्डस्पारचे कण असतात. मोह्सच्या मापावर क्वार्ट्‌झची कठीणता ७ आहे, साध्या पोलादी सुरीची साडेपाचच्या आसपास. असे कण फडक्याखाली घेऊन आपण रंगावर घासतो. मग उन्हात गाडी बघितली की बॉनेटवर कोळ्याच्या जाळ्यासारखे बारीक गोल चरे दिसतात. पांढऱ्या गाडीवर ते कमी दिसतात, म्हणून ती ‘टिकते’ असा समज आहे. चरे तिच्यावरही तेवढेच पडतात.

ज्यावर हे चरे पडतात तो थर किती जाड असतो, याची कल्पना बहुतेकांना नसते. बारामतीच्या एमआयडीसीत पियाजिओचा कारखाना आहे, तिथं पोलादी पत्र्याची व्हेस्पा तयार होते. वाहनाचा कारखाना कुठलाही घ्या, रंगाची रीत साधारण एकच. पत्र्यावर आधी विजेच्या मदतीनं बसवलेला गंजरोधक प्रायमर, मग सरफेसर, मग रंग आणि सर्वांत वर पारदर्शक क्लिअर कोट. सगळे थर मिळून जेमतेम १०० ते १५० मायक्रॉन भरतात. त्यातला क्लिअर कोट ३५ ते ५० मायक्रॉनचा, म्हणजे माणसाच्या केसापेक्षा पातळ. चकाकी त्याचीच, आणि उन्हातल्या अतिनील किरणांपासून खालचा रंग वाचवायचं कामही त्याचंच.

हे एकदा कळलं की दसऱ्याआधी दरवर्षी करून घेतल्या जाणाऱ्या ‘रबिंग-पॉलिश’कडे वेगळ्या नजरेनं बघावं लागतं. पॉलिशनं चरे भरून निघतात, असं बहुतेक लोक समजतात. चरा भरत नाही. चऱ्याच्या आजूबाजूचा क्लिअर कोट घासून त्याच्या तळाशी आणला जातो, म्हणून तो दिसेनासा होतो. काही मलमांनी चरा तात्पुरता बुजतो, पण चार धुण्यांत पुन्हा वर येतो. खरं पॉलिश दर वेळी काही मायक्रॉन घेऊन जातं, आणि गेलेला थर परत येत नाही. दरवर्षी कंपाउंड मारलेल्या गाडीचा क्लिअर कोट आठ-दहा वर्षांत टपावर आणि बॉनेटवर पापुद्र्यासारखा सुटू लागला, तर त्यात कंपनीचा दोष शोधू नये. नखाला लागेल इतका खोल चरा पॉलिशनं काढायचा हट्ट तर धरूच नये. तिथं टच-अप किंवा पेंटरच लागतो.

म्हणूनच पॉलिश हे काम मी घरी करायला सांगणार नाही. ग्राइंडरसारखी एकाच दिशेनं फिरणारी मशीन नवख्याच्या हातात गेली, की दाराच्या कडेवरचा रंग क्षणात तापून प्रायमर उघडा पडतो. चांगला डिटेलर आधी गाडी धुऊन, मातीसारख्या मऊ क्लेनं रंगात रुतलेले कण काढून घेतो. मग जाडी मोजायचं छोटं यंत्र पत्र्यावर ठेवून कुठं किती थर शिल्लक आहे ते बघतो. जिथं आकडा अचानक दुप्पट-तिप्पट येतो, तिथं पुटिंग भरून पुन्हा रंगवलेलं आहे हे त्याला कळतं. प्लॅस्टिकच्या बंपरवर हे साधं यंत्र चालत नाही, तिथं त्याचा अनुभव कामाला येतो. बारामतीत किंवा इंदापुरात गाडी द्यायच्या आधी एवढंच विचारा: जाडी मोजायचं यंत्र आहे का, आणि आधी एका कोपऱ्यात करून दाखवाल का? जो हे प्रश्न टाळतो, त्याच्याकडे गाडी ठेवू नका.

आता पाण्याकडे येऊ. घरचं पाणी स्वच्छ दिसतं म्हणजे ते गाडीला चांगलं, हा आपल्या भागातला सर्वांत घट्ट बसलेला गैरसमज. नीरा डाव्या कालव्याच्या पट्ट्यात कित्येक बोअरचं पाणी जड आहे. साबणाला फेस येत नाही, बादलीच्या कडेला पांढरी पुटं चढतात. तेच पाणी तापलेल्या बॉनेटवर वाळलं की कॅल्शियम-मॅग्नेशियमचे क्षार गोल डाग होऊन बसतात. त्यात काहीजण आरओचं वाया जाणारं पाणी साठवून गाडी धुतात. पाणी वाचवायची कळकळ योग्यच, पण त्या पाण्यात मूळ पाण्यापेक्षा जास्त क्षार असतात. ते अंगण धुवायला वापरा. गाडीवर शेवटचा हात फिरवायला आरओचं शुद्ध पाणी बादलीभर घेतलं तरी डाग कितीतरी कमी पडतात. पावसाचं साठवलेलं पाणी असेल तर फारच उत्तम. ताजे डाग गार पत्र्यावर, व्हिनेगरमध्ये तेवढंच पाणी घालून, मिनिटभर ठेवून धुतले तर निघतात. जुने डाग रंगात उतरलेले असतात, ते मात्र डिटेलरचं काम.

वॉशिंग सेंटरवर पाणी मारून घेतलं की हा प्रश्न सुटतो, असंही नाही. तिथंही बहुधा बोअरचंच पाणी असतं, आणि आधीच्या चार गाड्यांची माती तोच स्पंज आपल्या गाडीवर फिरवतो.

साबणाचंही तसंच: कपड्यांची पावडर अल्कलीयुक्त असते. ती वॅक्सचा थर उतरवते आणि रबर कोरडं पाडते. डिझेलचं फडकं मारून चमक आणायची ट्रॅक्टरवरची सवय कारवर आणू नका. ती चमक म्हणजे तेलाचा पातळ थर, त्यावर धूळ चिकटते आणि रबर खराब होतं.

घरी धुणं अवघड मुळीच नाही, आणि नीट केलं तर ते बहुतेक वॉशिंग सेंटरपेक्षा चांगलं होतं. गाडी सावलीत, पत्रा गार. आधी नुसतं पाणी सोडून राख-धूळ वाहून जाऊ द्यायची, तोवर हात लावायचा नाही. एका बादलीत गाडीचा शाम्पू, दुसरीत साधं पाणी. मायक्रोफायबरचा हातमोजा दर भागानंतर साध्या पाण्यात खंगाळायचा. टपावरून सुरुवात, खालचे पत्रे शेवटी, चाकांचं कापड वेगळं. पुसताना मोठं मायक्रोफायबर सरळ ओढायचं, गोल फिरवायचं नाही. पक्ष्यांची विष्ठा मात्र धुण्याच्या दिवसापर्यंत ठेवू नका. तिच्यातलं आम्ल उन्हात काही तासांत क्लिअर कोटमध्ये उतरतं. ओलं कापड ठेवून ती मऊ करा आणि उचलून घ्या.

आपल्याच भागातून जाणाऱ्या संत तुकाराम महाराज पालखी मार्गाची, म्हणजे राष्ट्रीय महामार्ग ९६५जीची, कोनशिला ८ नोव्हेंबर २०२१ रोजी बसली. अशा काँक्रीटच्या कामाजवळून रोज ये-जा असेल तर सिमेंटचे शिंतोडे गाडीवर उडतातच. सिमेंट अल्कलीयुक्त असतं आणि वाळलं की नखानं किंवा पट्टीनं खरवडायचा मोह होतो. त्यानं रंगही सोबत निघतो. हे काम जाणत्या हातात द्या.

कोटिंगबद्दलचे समज तर पैशाला महागात पडतात. ‘सिरॅमिक केलं की गाडी धुवावी लागत नाही’ हे खोटं. तो एक-दोन मायक्रॉनचा थर पाणी आणि चिखल सहज घसरू देतो, धुणं सोपं करतो. जड पाण्याचे डाग त्याच्यावरही पडतात. ‘९एच’ हा आकडा पेन्सिलच्या शिशानं घेतलेल्या चाचणीचा आहे. त्याचा मोह्सच्या मापाशी संबंध नाही, त्यामुळे दगडानं किंवा किल्लीनं चरा पडणारच. उडणारी खडी अडवायची असेल तर १५० ते २०० मायक्रॉनची पीपीएफ फिल्म लागते. ती महाग असते, पण बॉनेट आणि पुढच्या बंपरपुरती लावली तरी हायवेवर उपयोगी पडते. ‘टेफ्लॉन कोटिंग’मधलं पीटीएफई सुमारे ३२७ अंश सेल्सियसला वितळतं. ते तापमान गाडीच्या रंगाला सोसणार नाही, त्यामुळे कापडानं चोळून ते रंगाशी एकजीव होत नाही. जी चमक दिसते ती सोबतच्या वॅक्सची.

आतल्या बाजूनं पाइप मारणंही आता सोडायला हवं. जुन्या जीपला ते चालायचं. आजच्या गाड्यांत गालिच्याखाली वायरिंग असतं, सीटखाली एअरबॅगचे कनेक्टर असतात. धूळ घरच्या व्हॅक्यूमनं काढा. सीटवर दूध सांडलं असेल तर डिटेलरकडे पाणी ओढून घेणारं मशीन असतं, तिथं द्या, नाहीतर फोमला आतून वास धरतो.

नवी गाडी घेताना शोरूममध्येच कोटिंग गळ्यात मारलं जातं. गाडी यार्डात उभी राहिलेली असते, घाईत पुसलेली असते, आणि ते चरे तसेच ठेवून वर कोटिंग चढवलं तर ते खाली कायमचे बंद होतात. म्हणून बुकिंग करतानाच लेखी सांगा: ताबा देताना गाडीवर नुसतं पाणी मारा, फडकं लावू नका. मग दिवसाउजेडी बॉनेट तिरक्या नजरेनं बघा, आणि कोटिंग करायचंच असेल तर जाडी मोजून देणाऱ्याकडे जा.