क्षितिजरेषा कागदाच्या मध्यावर नसते

चित्रकलेच्या नवशिक्या वर्गात यथार्थदर्शन शिकवायचं ठरलं की फळ्यावर आधी एक आडवी रेघ येते, बरोबर मध्यावर. रेघेवर एक ठिपका येतो, ठिपक्याकडे धावणारे दोन रूळ येतात आणि कडेला लहान होत गेलेले खांब. मुलं ते चित्र वहीत उतरवून घेतात आणि पुढं कित्येक वर्षं तेच काढत राहतात. अर्धापूर तालुक्यातल्या मुलाला रोज दिसते ती केळीची बाग. सरळ ओळी, ओळींच्या बुडाशी पसरलेल्या ठिबकच्या काळ्या नळ्या, सारख्या अंतरावरची झाडं. यथार्थदर्शन शिकायला याहून चांगला नमुना विकत आणूनही मिळायचा नाही. तरी चित्रात रूळच येतात, कारण मुलानं नियम पाठ केलेला असतो, पाहिलेलं काही नसतं. या विषयातले बहुतेक गैरसमज त्या पाठांतरातून आलेले आहेत.

गैरसमज : आकाश आणि जमीन जिथं मिळते ती रेघ म्हणजे क्षितिज, आणि ती कागदाच्या मध्यावर काढायची.

क्षितिजरेषा म्हणजे पाहणाऱ्याच्या डोळ्याची पातळी. ती कागदावर कुठं येणार हे कागद ठरवत नाही, तुम्ही कुठं उभे आहात आणि चित्रात किती आकाश, किती जमीन घेताय यावर ते ठरतं. डोंगराची कड म्हणजे क्षितिज नव्हे. डोंगर त्या रेषेच्या वर चढलेला असतो. सपाट जमिनीवर उभ्या माणसाच्या डोळ्यांची उंची दीड मीटर धरली, तर खरं क्षितिज सुमारे साडेचार किलोमीटरवर असतं. मध्ये झाडं, घरं, वीटभट्ट्या येतात म्हणून ते दिसत नाही, पण चित्रातली प्रत्येक तिरकी रेघ त्याच पातळीच्या हुकमात असते.

हे बागेत जाऊन तपासता येतं. ओळीच्या तोंडाशी उभं राहिलं की केळीची पानं आपल्या डोक्याच्या वर असतात आणि बुंधे खाली. म्हणून ओळीचे शेंडे लांब जाताना खाली उतरत जातात आणि बुंध्यांची ओळ वर चढत जाते. दोन्ही जिथं एकमेकांना भिडतात ती आपल्या डोळ्याची पातळी. आता तिथंच उकिडवं बसा. बुंध्यांची ओळ एकदम सपाट होते, शेंडे मात्र जास्त उतारानं खाली येतात. मग शेजारच्या घराच्या गच्चीवर चढा. सगळी बाग क्षितिजाच्या खाली जाते, आणि शेंड्यांची ओळसुद्धा वर चढताना दिसते. बाग तीच असते, झाडांची उंचीही तीच. बदलतो तो फक्त डोळा. हा एक अनुभव मुलाला मिळाला की ‘वरच्या रेघा खाली, खालच्या रेघा वर’ हे घोकावं लागत नाही.

याचाच एक उपयोग माणसं काढताना होतो. सपाट मैदानावर आपल्याएवढ्याच उंचीची माणसं उभी असतील, तर जवळच्याचे आणि शंभर पावलांवरच्याचे डोळे एकाच आडव्या रेषेवर येतात. लांबच्याचे फक्त पाय वर सरकतात. स्मरणचित्रात आठवडी बाजार काढताना मुलं लांबची माणसं एकावर एक रचल्यासारखी कागदाच्या वर वर नेतात. ती बाजारात उभी न राहता हवेत तरंगल्यासारखी दिसतात, त्याचं कारण हेच.

वर्गात बसल्या बसल्या डोळ्याची पातळी शोधायची असेल तर वही आडवी धरून हळूहळू वर न्यावी. तिचा वरचा पृष्ठभागही दिसेनासा होतो आणि खालचाही अजून दिसत नाही, अशी एक जागा येते. ती पातळी. बुटक्या मुलाची वेगळी, उंच मुलाची वेगळी, खुर्चीवरच्या सरांची आणखी वेगळी.

गैरसमज : लांबच्या वस्तू क्रमाक्रमानं थोड्या थोड्या लहान करत जायच्या.

लहान करायच्या हे खरं, पण ‘थोड्या थोड्या’ हे चूक. अंतर दुप्पट झालं की वस्तू निम्मी दिसते, तिप्पट झालं की एकतृतीयांश. केळीची झाडं पाच-पाच फुटांवर लावलेली आहेत आणि पहिलं झाड आपल्यापासून दहा फुटांवर आहे असं धरू. पहिलं झाड कागदावर १२ सेंटिमीटर काढलं तर दुसरं पंधरा फुटांवरचं, म्हणजे ८ सेंटिमीटर. तिसरं ६, चौथं ४.८, पाचवं ४. मुलाला स्वतःच्या अंदाजानं काढायला सांगितलं की ते बहुधा १२, १०, ८, ६, ४ असं उतरवतं. पहिलं झाड बरोबर, पाचवंही बरोबर, आणि मधली तिन्ही चुकलेली. चित्रात काहीतरी खटकतंय हे कळतं पण कुठं ते सापडत नाही, त्यातलं हे मोठं कारण. खरी घसरण सुरुवातीलाच मोठी असते आणि पुढं मंदावते. झाडांमधली अंतरं तर उंचीपेक्षाही झपाट्यानं आक्रसतात.

गणित न करता हे काढायची जुनी युक्ती आहे. पहिलं आणि दुसरं झाड नजरेच्या अंदाजानं काढा. शेंड्यांची आणि बुंध्यांची अशा दोन रेषा क्षितिजापर्यंत न्या. मग पहिल्या झाडाच्या शेंड्यावरून दुसऱ्या झाडाच्या बरोबर मध्यातून एक तिरकी रेघ खाली ओढा. ती बुंध्यांच्या रेषेला जिथं लागेल तिथं तिसरं झाड. दुसऱ्याच्या शेंड्यावरून तिसऱ्याच्या मध्यातून गेलं की चौथं. कुंपणाचे खांब, व्हरांड्याचे खांब, बसच्या खिडक्या, सगळ्यांना हीच युक्ती चालते.

गैरसमज : कागदावर दोन ठिपके दिले की झालं.

लांब जाणाऱ्या समांतर रेषा जिथं मिळताना दिसतात तो लोपबिंदू. समांतर रेषांच्या जेवढ्या दिशा, तेवढे लोपबिंदू. गावातल्या उतरत्या पत्र्याच्या घराच्या भिंतींना दोन, छपराच्या दोन उतारांना आणखी दोन. उताराचे बिंदू क्षितिजावर नसतातच, एक वर जातो आणि एक खाली. ज्या रेषा कागदाला समांतर आहेत त्यांना बिंदूच नसतो.

पण नवशिक्याचं चित्र सर्वांत जास्त बिघडतं ते दोन्ही बिंदू कागदाच्या आत घेतल्यामुळं. कागद डोळ्यांपासून ४० सेंटिमीटरवर धरला, तर कोपरा आपल्याकडे करून ठेवलेल्या चौकोनी पेटीचे दोन बिंदू एकमेकांपासून निदान ८० सेंटिमीटर लांब पडतात. पेटी जरा कमीजास्त वळवली की आणखी लांब. रेखाकला परीक्षेचा पाव इम्पीरियल कागद जेमतेम ३८ सेंटिमीटर रुंद असतो. म्हणजे निदान एक बिंदू तरी कागदाबाहेर जाणारच, बहुधा दोन्ही. ३० सेंटिमीटरवर दोन ठिपके देऊन काढलेली पेटी बरोबर दिसायला डोळा कागदापासून १५ सेंटिमीटरवर, किंवा त्याहूनही जवळ न्यावा लागेल. तसं कुणी बघत नाही, म्हणून पेटीचा पुढचा कोपरा आपल्या अंगावर आल्यासारखा टोकदार दिसतो. सराव करताना कागदाखाली जुनं वर्तमानपत्र पसरावं, बिंदू वर्तमानपत्रावर द्यावेत आणि दोऱ्यानं रेघांची दिशा बघावी. खर्च काहीच नाही.

गैरसमज : घनभूमिती येते म्हणजे यथार्थदर्शन येतं.

शासकीय रेखाकला परीक्षेत इंटरमिजिएटला घनभूमिती असते. तिथं समोरचं दर्शन, वरचं दर्शन काढताना समांतर रेषा समांतरच राहतात आणि मापं खरी राहतात, कारण ते काम सुताराला, गवंड्याला वस्तू बनवता यावी म्हणून असतं. स्थिरचित्रात तीच पेटी डोळ्यानं पाहून काढायची असते. मुलं एका पेपरची सवय दुसऱ्यात नेतात, आणि टेबलाची मागची कड पुढच्या कडेएवढीच लांब काढतात. दोन्ही शिस्ती मोलाच्या आहेत, पण त्या वेगळ्या आहेत हे वर्गात स्पष्ट सांगितलं जात नाही.

गैरसमज : यथार्थदर्शन रस्ते-इमारतींसाठी, तांब्या-कळशीला त्याचं काय?

एलिमेंटरीच्या वस्तुचित्रात खरी परीक्षा तिथंच होते. कळशीचं गोल तोंड तिरकं पाहिलं की लंबवर्तुळ दिसतं. मुलं त्याची दोन्ही टोकं टोकदार काढतात आणि कळशीच्या तोंडाला माशाचा आकार येतो. लंबवर्तुळाला टोक नसतं, कडेलाही ते वळतच जातं. दुसरी चूक म्हणजे तोंड गोल आणि बूड सरळ रेघेचं. भांडं टेबलावर टेकलंय म्हणून बूड सपाट काढावं असं मुलाला वाटतं. वास्तविक बूड डोळ्याच्या पातळीपासून तोंडापेक्षा जास्त खाली असतं, म्हणून तिथला वर्तुळाचा आकार जास्त उघडलेला दिसतो आणि बुडाची कड तोंडाच्या कडेपेक्षा जास्त वळते. बादली हळूहळू उचलून डोळ्याच्या पातळीवर आणली तर तिचं तोंड अरुंद होत होत एक सरळ रेघ होतं. आणखी वर नेली की काठाच्या आतलं काही दिसत नाही, बूड दिसू लागतं. शब्दांनी जे अर्धा तास समजावलं तरी डोक्यात शिरत नाही ते बादली उचलून अर्ध्या मिनिटात कळतं.

यातून शिक्षकांसाठी निघणारी गोष्ट मला फार महत्त्वाची वाटते. पहिल्या रांगेतल्या मुलाला कळशीचं तोंड जास्त उघडं दिसतं, शेवटच्या रांगेतल्याला बरंच चपटं. दोघांची चित्रं वेगळी येणं हेच बरोबर. फळ्यावर एक नमुना काढून तो सगळ्यांना उतरवून घ्यायला लावला, तर वर्गातल्या एकाचं चित्र बरोबर येईल आणि बाकीच्यांना आपल्या डोळ्यांवर अविश्वास ठेवायची सवय लागेल.

गैरसमज : यथार्थदर्शन युरोपनं शोधलं, आपल्या चित्रकारांना ते जमत नव्हतं.

एका बिंदूकडे रेषा नेण्याची भूमितीय पद्धत पंधराव्या शतकात फ्लॉरेन्समध्ये पक्की झाली, हे खरं. ब्रुनेलेस्कीनं ती प्रयोगानं दाखवली आणि आल्बेर्तीनं १४३५ मध्ये ग्रंथात मांडली. तिच्या मागं अकराव्या शतकातल्या इब्न अल-हैथमचं प्रकाश आणि दृष्टी यांवरचं काम होतं, तेही विसरू नये. पण त्याआधी सुमारे हजार वर्षं अजिंठ्याच्या लेण्यांत मंडप, खांब आणि वळलेली शरीरं खोलीसकट रंगवलेली आहेत. विष्णुधर्मोत्तर पुराणातल्या चित्रसूत्रात शरीराच्या नऊ स्थिती सांगितल्या आहेत, आणि वळताना कुठला भाग आक्रसतो, कुठला मोठा दिसतो त्याचा ‘क्षयवृद्धी’ या नावानं विचार केला आहे.

अजिंठ्याच्या चित्रकारानं सगळ्या रेषा एका बिंदूला बांधल्या नाहीत, कारण त्याचा प्रेक्षक एका जागी उभा नव्हता. जातककथेतले प्रसंग एकाच भिंतीवर शेजारी शेजारी येतात आणि पाहणारा भिंतीलगत चालत ते वाचतो. एका बिंदूचं चित्र मात्र पाहणाऱ्याला एका जागी उभं करतं. संगीत नाटकांच्या काळात रंगवलेल्या पडद्यांवर हे चांगलं कळत असणार. कोल्हापूरच्या आनंदराव आणि बाबूराव पेंटर यांनी असे पडदे रंगवून नाव कमावलं. रस्त्याचा किंवा दरबाराचा असा पडदा मधल्या खुर्चीवरून अस्सल दिसतो, कडेच्या प्रेक्षकाला तो थोडा कलंडलेला दिसतो, आणि नट पडद्याला खेटून उभा राहिला की लांबचं घर त्याच्या कमरेला लागतं. १८७२ ते १८८५ या काळात जे. जे. स्कूल ऑफ आर्टचे जॉन ग्रिफिथ्स आणि त्यांचे विद्यार्थी अजिंठ्याच्या चित्रांच्या प्रतिकृती करत होते. युरोपीय पद्धतीच्या शाळेत शिकलेल्या हातांना तिथं चित्राची दुसरी रचना अभ्यासायला मिळाली. वारली चित्रातला लग्नाचा चौक समोरून दिसतो, त्याच्याभोवतीची माणसं कडेनं दिसतात, तीही चूक नव्हे. मुलांना एक पद्धत शिकवताना दुसरीला अडाणी ठरवायचं काही कारण नाही.

गैरसमज : हल्ली फोटो काढून त्यावरून चित्र काढलं की यथार्थदर्शन आपोआप बरोबर येतं.

मोबाइलचा कॅमेरा रुंद दृश्य टिपतो. अगदी जवळून फोटो घेतला तर पुढची वस्तू अवाजवी मोठी आणि कडेच्या वस्तू ताणलेल्या येतात. मोबाइल वर कलवून देवळाचं शिखर टिपलं तर दोन्ही भिंती आत झुकतात. पाहणारा डोळा हे सावरून घेतो, कागदावर मात्र ते तसंच उतरतं. फोटो जरूर वापरावा, पण आधी जागेवर बसून निदान काही रेखाटनं केलेली असावीत.

पट्टीचा हट्टही सोडावा. हात ताठ करून, एक डोळा मिटून, पेन्सिलीनं उंची आणि तिरकेपणा मोजणं हे मुक्तहस्त रेखाटनाचं साधं माप आहे. पेन्सिल धरलेला हात कोपरात वाकला की माप बदलतं, तेवढं सांभाळलं म्हणजे पुरे.

ज्यांच्या हाती असा वर्ग आहे त्या शिक्षकांना एक विनंती. परीक्षेचे जुने पेपर सोडवायला घेण्याआधी एक तास खिडकीला द्या. विद्यार्थ्यानं काचेसमोर उभं राहावं, एक डोळा मिटावा, डोकं हलू देऊ नये, आणि बाहेरचं अंगण, भिंत, झाडं, रस्ता जसं दिसेल तसं व्हाइटबोर्डच्या मार्करनं सरळ काचेवरच गिरवावं. आल्बेर्तीनं चित्राला खिडकी म्हटलं ते याच अर्थानं, आणि ड्यूररनं १५२५ च्या आपल्या ग्रंथात अशीच उपकरणं दाखवली आहेत. गिरवून झालं की काचेवरच्या रेघा पट्टीनं पुढं वाढवायला सांगा. त्या कुठं मिळतात ते विद्यार्थ्यांनाच शोधू द्या, लोपबिंदू हा शब्द त्यानंतर फळ्यावर लिहा. काच ओल्या फडक्यानं पुसून निघते.