ध्वनीचे कण

आष्टीच्या आमच्या घरी आजीच्या जात्यावरच्या ओव्यांची एक कॅसेट आहे. शब्द टिपून घ्यावेत म्हणून फीत हळू फिरविली की आजीचा आवाज घोगरा, पुरुषी होतो. जोरात फिरविली की चिमणीसारखा. फितीवर वेग आणि स्वराची उंची यांची गाठच बांधलेली असते. ती सुटते कशी, हा या लेखाचा विषय होय.

१९४७ साली डेनिस गाबोर या शास्त्रज्ञाने मांडले, की कोणताही ध्वनी सूक्ष्म ध्वनिकणांचा बनलेला मानता येतो. (होलोग्राफीसाठी १९७१ चे नोबेल मिळविणारे हेच ते.) हा कण साधारणतः सेकंदाच्या हजाराव्या ते दहाव्या भागाएवढा. एकटा ऐकला तर नुसते ‘टिक्’! परंतु कणांच्या कडा मऊ करून ते एकमेकांवर किंचित चढवून मांडले, की कानाला अखंड स्वर लागतो. सुपातून ज्वारी ओतताना आपण दाणे कुठे मोजतो? आता प्रत्येक कण दोनदा वाजवा. गाणे दुप्पट लांबते, स्वर मात्र जागचा हलत नाही.

झेनाकिस यांनी १९५८ च्या ब्रुसेल्स प्रदर्शनासाठी जळत्या कोळशाच्या तडतडीचे तुकडे जोडून रचना केली. हाताने फीत कापणे मोठे जिकिरीचे. पुढे १९७० नंतर कर्टिस रोड्स यांनी हे काम संगणकाकडे सोपविले.

आम्हीही कॅसेट संगणकावर उतरवली. कण मोठा घेतला तर ‘ट’, ‘ड’ दोनदा उमटत. फार लहान घेतला तर भुंगा गुणगुणे. मधला सापडला, तेव्हा ज्या शब्दाला आम्ही इतकी वर्षे ‘सासरं’ समजत होतो, तो ‘वासरं’ निघाला.