घर रिकामं असताना ओटा बांधताय? आधी गेरूची रेघ ओढा



अक्षय तृतीया झाली, शाळांचे निकाल लागले, की गावोगाव एकच चित्र दिसायला लागतं. पोरं मामाच्या गावाला, सून माहेरपणाला, आणि दारात वाळूचा ढीग. घरात माणसं कमी, भांडीकुंडी हलवायला सोपी, लेकरं पायात येत नाहीत, पाऊस नाही. म्हणून घराची डागडुजी या दीड महिन्यातच निघते. गवंडी पण म्हणतो, घर मोकळं असलं की काम पटापट उरकतं. त्यात खोटं काही नाही.

पण याच सोयीत एक अडचण आहे. जिला त्या स्वयंपाकघरात रोज दोन वेळा उभं राहायचंय, तीच नेमकी घरात नसते. ती परत येते तेव्हा ओटा बांधून झालेला असतो, कडाप्पा बसलेला असतो, खिडकी जिथे यायची तिथे आलेली असते किंवा आलेलीच नसते. बांधलेला ओटा कुणी पुन्हा फोडत नाही. पुढची वीस वर्षं तिने खांदे वर उचलून भाजी हलवायची. आमच्या कार्यक्रमात याविषयी बोललो की बाया हसतात आणि मग म्हणतात, आमच्याकडे अस्संच झालंय.

तर पहिली गोष्ट ओट्याची उंची. गवंडी सहसा पावणेतीन फूट धरतो. ती उंची कुणाची, हे तो विचारत नाही. त्याच्यावर शेगडी आली की आणखी चार-पाच इंच वाढले, शेगडीवर पातेलं आलं की आणखी वर. उंचीने लहान असलेल्या बाईचा हात मग सारखा खांद्याच्या रेषेत राहतो. मान आणि पाठ भरून येते ती त्याने, आणि आपण म्हणतो वय झालं.

उंची मोजायला टेप लागत नाही. पायात रोजच्या चपला असतील तर त्या घालून, नसतील तर अनवाणी, भिंतीला लागून सरळ उभं राहा. हात कोपरात वाका. कोपराच्या खाली चार बोटं सोडा आणि तिथे गेरूने रेघ ओढा. चिरायला, मळायला ही उंची चांगली. शेगडी जिथे बसणार तो भाग या रेघेपेक्षा आणखी अर्धा वीत खाली हवा. आता यात एक गोम आहे. गॅसची शेगडी नेहमी सिलिंडरपेक्षा वरच्या पातळीवर असली पाहिजे, त्यामुळे शेगडीचा भाग खाली घेताना तो सिलिंडरच्या उंचीखाली जाऊ देऊ नका. माहेरी जायच्या आधी ही रेघ भिंतीवर ओढून जा, आणि गवंड्याला ती आपल्या तोंडाने दाखवा. सासूबाई आणि सून दोघी स्वयंपाक करत असतील तर दोघींच्या रेघा ओढा. फरक जास्त असला तर ओटा ठेंगणीच्या मापाने घ्या, कारण उंच बाईला पोळपाटाखाली पाट ठेवता येतो, ठेंगण्या बाईला ओटा खाली करता येत नाही.

सगळं स्वयंपाकघर उभ्याचं करायची हौस आम्हाला तरी पटत नाही. ज्वारी-बाजरीची भाकरी काठवटीत पीठ मळून, बसून थापायची सवय असलेल्या बाईला ओट्यावर ते जमत नाही, अंगाचा जोर हातावर येत नाही. शिवाय बऱ्याच घरांत गॅस आहे तशी चूलही आहे. आंघोळीचं पाणी, मोठ्या स्वयंपाकाचं आधण चुलीवरच चढतं. म्हणून एका कोपऱ्यात बसकी जागा राखून ठेवा. चुलीच्या वर धूर जायला वाट हवी. धूर गरम असतो, तो वर चढतो, म्हणून ही वाट छपराला लागून उंचावर लागते. गॅसचं उलट आहे. सिलिंडरचा गॅस हवेपेक्षा जड असतो, गळाला तर तो जमिनीलगत साठतो. त्यासाठी खाली, फरशीजवळ, बाहेर उघडणारी जाळी लागते. म्हणजे एका खोलीला वरही झरोका हवा आणि खालीही. सिलिंडर बंद कपाटात कोंडून ठेवू नका, दिसायला कितीही चांगलं दिसो.

आता पाण्याचं बोलू. आमच्या मते या सगळ्या कामात बाईच्या जिवावर येणारी खरी गोष्ट हीच आहे.

सिमेंट कुरडईसारखं उन्हात वाळून घट्ट होत नाही. सिमेंट आणि पाणी एकमेकांत मिसळून त्याचा दगड होतो, आणि या मिसळण्याला दिवस लागतात. दुसऱ्याच दिवशी पाणी उडून गेलं तर काम अर्धवट राहतं. वरून वाळलेलं, पांढरंशुभ्र दिसतं, पण नखाने खरवडलं की भुकटी निघते. गिलाव्याला जाळीसारख्या भेगा पडतात. नंतर कितीही पाणी ओता, गेलेली ताकद पुरती भरून येत नाही. साध्या सिमेंटला निदान ७ दिवस पाणी मारावं लागतं. आज दुकानात बहुतेक राखमिश्रित सिमेंट मिळतं, गोणीवर पीपीसी असं लिहिलेलं असतं, त्याला निदान १० दिवस. वैशाखातल्या उन्हात यापेक्षा कमी तर नाहीच.

आणि हे पाणी कोण मारतं? गवंडी गिलावा करून दुसऱ्या कामावर जातो. मालक शेतात किंवा नोकरीवर. घरात मागे राहिलेली बाई, बहुतेक वेळा सासूबाई, सकाळ-दुपार-संध्याकाळ हंडा घेऊन भिंतींपुढे उभी. हिशेब करून बघा. हंडा १५ लिटरचा धरा. एका स्वयंपाकघराच्या भिंतींना एका वेळी चार हंडे लागले आणि दिवसातून तीन वेळा मारले, तर दिवसाचे १२ हंडे, म्हणजे १८० लिटर. दहा दिवसांचे १२० हंडे. हे पाणी खारं किंवा साबणाचं चालत नाही. पिण्याजोगं असतं तेच बांधकामाला चांगलं. विहिरीनं तळ गाठलेला असताना साठीच्या बाईने १२० हंडे भिंतीवर मारायचे, असा त्याचा अर्थ होतो. सिमेंट किती गोण्या, वाळू किती ब्रास, हे कागदावर लिहिलं जातं. हंडे कुणी लिहीत नाही.

म्हणून काम ठरतानाच पाण्याचा बंदोबस्त ठरवा. पाणी कुठून येणार, बॅरल कोण भरणार, पाईप आहे का, तिन्ही वेळा पाणी मारायचं काम कुणाचं. गवंड्याच्या मजुरीत ते धरायचं असेल तर तसं आधी बोलून घ्या. पाणी वाचवायचे उपाय आहेत. ओट्यावर आणि फरशीवर ओलं गोणपाट पसरून ठेवा, भिंतीला वरून गोणपाट सोडा, म्हणजे ओल टिकते. स्लॅबवर मातीचे वाफे करून त्यात पाणी तुंबवतात तेही यासाठीच. पाणी पुरतंय का हे ओळखायची खूण सोपी आहे: दुपारी भिंतीला तळहात लावा. गार लागली तर ठीक. कोरडी, पांढरट दिसली तर पाणी कमी पडतंय. नवा गिलावा मात्र त्याच दिवशी बादलीने झोडपू नका, धुपून जाईल. दुसऱ्या दिवसापासून शिंपडून सुरू करा.

गाव टँकरवर असेल तर आम्ही स्पष्टच सांगतो, मे महिन्यात स्लॅब आणि गिलावा काढू नका. या सुट्टीत कोरडी कामं करून घ्या. छप्पर, दारं-खिडक्या, फळ्या, मांडणी, वायरिंग. ओली कामं दिवाळीनंतर. तेव्हा विहिरीला पाणी असतं, ऊन उतरलेलं असतं, गिलाव्याला भेगाही कमी पडतात. घर तेव्हा रिकामं नसेल, आठ-पंधरा दिवस चूल पडवीत मांडावी लागेल, पण त्या वेळी ओटा बांधताना जिचा ओटा ती समोर उभी असेल. आम्हाला तर हा फायदाच वाटतो.

पाणी आहे आणि काम उन्हाळ्यातच करायचंय, तर दिवस उलटे मोजा. मृग निघतं ७-८ जूनला. त्याआधी भिंती वाळायला, रंग मारायला आठ-दहा दिवस हवेत, त्याआधी दहा दिवस पाणी मारायचं. म्हणजे ओलं काम मेच्या मध्यापर्यंत संपलं पाहिजे. आणि सुरुवात छपरापासून, कारण कौलं उतरवताना वर्षानुवर्षांची धूळ, काजळी, उंदरांची घरटी सगळी खाली येतात. धान्याच्या कणग्या, डाळींचे डबे आधी दुसऱ्या घरात हलवा. वाश्यांना, रिपांना टोकदार खिळा टोचून बघा, आत सहज गेला तर वाळवी लागलीय. कौलं उतरलेली असताना एक ताडपत्री हाताशी हवीच. वळवाचा पाऊस विचारून येत नाही. पत्रे बसवत असाल तर खिळा किंवा हुक पत्र्याच्या उंचवट्यावर मारायला लावा, पन्हाळीत नाही. पाणी पन्हाळीतून वाहतं, तिथे भोक पडलं की गळती ठरलेली. सिमेंटचे जुने पत्रे असतील तर ते कापू-फोडू देऊ नका, त्यात ॲस्बेस्टॉस असतं आणि त्याची धूळ फुप्फुसाला घातक असते. आणि जुनी सागवानी दारं, चौकट भंगाराच्या भावात देऊन टाकू नका. रंधा मारला की ती नव्या फळ्यांपेक्षा कितीतरी वर्षं जास्त टिकतात.

ज्यांची भिंत मातीची आहे त्यांनी एवढं ऐका. मातीच्या भिंतीवर सिमेंटचा गिलावा चढवू नका. माती ओल घेते आणि सोडते, त्यासोबत ती थोडी फुगते, आक्रसते. सिमेंट तसं करत नाही. दोघांचं जमत नाही. ओल आत अडकते आणि दोन-तीन पावसाळ्यांत गिलाव्याचा पापुद्रा सुटायला लागतो, कधी सोबत भिंतीची मातीही घेऊन येतो. गाळलेली माती, भुसा आणि शेण यांचा गिलावा किंवा चुन्याचा गिलावा अशा भिंतीला चांगला. त्याला कमीपणा मानायचं कारण नाही.

सामान घेताना सिमेंटच्या गोणीवर छापलेला आठवडा आणि साल वाचा. तीन महिन्यांपेक्षा जुनी गोणी घेऊ नका. गोण्या जमिनीवर किंवा भिंतीला टेकून ठेवू नका, फळ्यांवर ठेवा. वाळूत माती किती हे बघायला काचेची बाटली अर्धी वाळूने भरा, पाणी घाला, हलवा, ठेवून द्या. वाळू खाली बसते, गाळ वर. गाळाचा थर जाड दिसला तर वाळू परत पाठवा. विटा एकमेकींवर वाजवल्या की खणखणीत आवाज यायला हवा, आणि लावायच्या आधी त्या पाण्यात भिजवायला हव्यात, नाहीतर कोरडी वीट मालातलं पाणी ओढून घेते. गवंड्यावर नजर ठेवायची ती एका गोष्टीसाठी: सकाळी कालवलेल्या मालात दुपारी पुन्हा पाणी घालून तो वापरला जातो का. सिमेंट अर्ध्या तासानंतर धरायला लागतं, म्हणून माल थोडा थोडाच कालवायचा. विटांच्या ढिगाऱ्यात हात घालायच्या आधी काठीने हलवा, विंचू उन्हाळ्यात तिथेच सावलीला असतो.

काम उक्तं दिलं असेल तर काय काय करायचं ते वहीत लिहा: ओट्याची उंची, खिडकीची जागा, झरोके, मोरीचा उतार कुठल्या बाजूला, पाणी कोण मारणार. पैसे टप्प्याटप्प्याने द्या आणि शेवटचा हप्ता पाणी मारून संपेपर्यंत हातात ठेवा. मोरीत दोन बादल्या ओतून बघा, पाणी साचलं तर उतार चुकलाय, तो हप्ता द्यायच्या आधीच दुरुस्त होतो.

बचत गटातून यासाठी कर्ज घ्यायला हरकत नाही. २० हजार रुपये दरमहा शेकडा २ रुपये व्याजाने घेतले तर पहिल्या महिन्याचं व्याज ४०० रुपये होतं, मुद्दल फिटत जाईल तसं ते उतरतं. पण गटाच्या वहीत कर्ज बाईच्या नावावर, हप्ता ती भरणार, आणि घर कुणाच्या नावावर? ग्रामपंचायतीच्या नमुना ८ मध्ये घराची आकारणी आणि नाव असतं. तो सगळा मालकीचा पुरावा नव्हे, पण गावात पहिला कागद तोच बघितला जातो. त्यात नवरा-बायको दोघांची नावं लावता येतात. नवी खोली वाढली, पत्र्याचा स्लॅब झाला, की आकारणीही बदलते, त्यासाठी नाहीतरी ग्रामपंचायतीत जावं लागतं. त्याच फेरीत दोघांच्या नावाचा अर्ज द्या, अर्जाची पोच घ्या, आणि महिन्याभराने नमुना ८ चा उतारा काढून नाव लागलं का ते स्वतः वाचा.

पुढच्या वेळी मोरीच्या पाण्याचा शोषखड्डा कसा करायचा ते सांगू. तोवर नमस्कार.