जहाज बंदरात, शहर काही तासांत

मुंबईच्या बॅलार्ड पिअरला पर्यटकांचे जहाज बहुधा सकाळी लागते आणि अनेकदा त्याच सायंकाळी पुढच्या बंदराकडे निघते. मधल्या काही तासांत प्रवाशांना शहर दाखवून परत आणण्याच्या व्यवस्थेला या व्यवसायात 'शोअर एक्सकर्शन' म्हणतात. मराठीत तिला 'किनारा सहल' म्हणता येईल. २० सप्टेंबर २०२५ रोजी मुंबईतील आंतरराष्ट्रीय क्रूझ टर्मिनलचे उद्‌घाटन झाल्यापासून या सहलींकडे नव्याने लक्ष वेधले गेले आहे.

सहलीचे गणित उलट्या दिशेने मांडले जाते. जहाज सुटण्याची वेळ प्रथम ठरते. त्याआधी अर्धा ते एक तास सर्वांनी जहाजावर परतायचे असते. त्यातून पारपत्र तपासणी आणि वाहतुकीचा वेळ वजा केला, की उरतो तो शहराच्या वाट्याचा. जहाज कंपनीमार्फत घेतलेल्या सहलीला उशीर झाल्यास जहाज सहसा थांबते. स्वतःहून फिरायला गेलेल्या प्रवाशासाठी ते थांबेलच असे नाही. चुकलेले जहाज पुढच्या बंदरावर स्वखर्चाने गाठावे लागते. म्हणूनच अनोळखी शहरात अनेक जण मार्गदर्शकासह जाणे पसंत करतात.

अशा सहलीसाठी मुंबई सोयीची आहे. ब्रिटिशांनी वसवलेला कोट विभाग बंदराला लागूनच आहे. १८६० च्या दशकात गव्हर्नर बार्टल फ्रिअर यांच्या कारकिर्दीत किल्ल्याची तटबंदी पाडण्यात आली आणि मोकळ्या झालेल्या जागेत नवे शहर उभे राहिले. ओव्हल मैदानाभोवतीच्या व्हिक्टोरियन गॉथिक आणि आर्ट डेको वास्तूंच्या समूहाला २०१८ मध्ये युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत स्थान मिळाले. त्यात ९४ इमारती आहेत. छत्रपती शिवाजी महाराज टर्मिनस २००४ पासूनच या यादीत आहे. गेटवे, राजाबाई टॉवर, टर्मिनस, महात्मा जोतिबा फुले मंडई आणि गांधीजींचे वास्तव्य लाभलेले मणिभवन हा क्रम म्हणूनच एका दिवसात बसू शकतो.

प्रश्न आहे तो या वेळेत काय सांगितले जाते याचा. गेटवेचे वास्तुरचनाकार जॉर्ज विटेट, विद्यापीठाचे गिल्बर्ट स्कॉट, टर्मिनसचे एफ. डब्ल्यू. स्टीव्हन्स ही नावे पर्यटकाच्या कानी पडतात. मात्र गेटवेच्या बांधकामावर देखरेख करणारे अभियंता रावबहादूर यशवंतराव हरिश्चंद्र देसाई, राजाबाई टॉवरवरील पश्चिम भारतातील विविध समाजांच्या मूर्ती घडविणारे रावबहादूर मुकुंद रामचंद्र किंवा टर्मिनसच्या कामात स्टीव्हन्स यांचे सहायक असलेले सीताराम खंडेराव वैद्य यांचा उल्लेख झाला नाही, तर हे शहर केवळ साहेबाने उभारले, असा समज घेऊन पाहुणा परततो. टर्मिनसच्या भिंतींवरील पाने-फुले आणि प्राण्यांच्या कोरीव कामात तर जे. जे. कला विद्यालयाच्या विद्यार्थ्यांचा हात होता.

या वास्तूंमागचा पैसाही केवळ विलायतेतून आला नव्हता. अमेरिकेतील यादवी युद्धामुळे (१८६१ ते १८६५) तेथील कापूस इंग्लंडला मिळेनासा झाला आणि मुंबईच्या कापसाला सोन्याचा भाव आला. त्या तेजीत श्रीमंत झालेल्या प्रेमचंद रायचंद यांनी राजाबाई टॉवरसाठी देणगी दिली आणि टॉवरला आपल्या आईचे नाव दिले. देशावरचा माल बंदरापर्यंत आणण्यासाठी लोहमार्ग हवा होता. कुरकुंभजवळच्या दौंड परिसरातून जाणारा पुणे-दिक्साळ मार्ग १८५८ मध्ये सुरू झाला. तेव्हा बोरघाटातील काम अपुरे होते. ते १८६३ मध्ये पूर्ण झाल्यावर सोलापूरपासून मुंबईपर्यंत सलग गाडी धावू लागली. याच ग्रेट इंडियन पेनिन्सुला रेल्वेने पुढे बोरीबंदरला आपले मुख्यालय बांधले. बंदराचे वैभव आणि घाटमाथ्यावरची गावे यांचे नाते असे जुने आहे.

गेटवेपाशी थांबलेल्या पर्यटकाला दोन तारखा सांगितल्या, तरी बरेच काही साधते. राजे पंचम जॉर्ज १९११ मध्ये येथे उतरले तेव्हा ही कमान उभी नव्हती. तिचे उद्‌घाटन १९२४ मध्ये झाले. आणि २८ फेब्रुवारी १९४८ रोजी स्वतंत्र भारतातून निघालेली अखेरची ब्रिटिश पलटण याच कमानीखालून समुद्राकडे गेली.

पर्यटक हे ऐकून बसमध्ये बसतो आणि वेळेत जहाजावर पोचतो. मुंबईविषयी त्याचे मत पुष्कळदा या काही तासांवरच ठरते. त्यामुळे नव्या टर्मिनलच्या सोयींइतकेच लक्ष मार्गदर्शकांच्या प्रशिक्षणाकडेही दिले गेले पाहिजे.