मालवणचे व्यवसाय परवाने : नगर परिषद ते पोर्टल

मालवण बाजारपेठेत दुकान किंवा खानावळ उघडणाऱ्याचा संबंध नगर परिषदेशी येतो, पण परवान्यांचा मोठा भाग आज राज्याच्या खात्यांकडून मिळतो. हा बदल एका निर्णयाने झालेला नाही. पाऊणशे वर्षांत एकेक कायदा येत गेला आणि त्यांतल्या काहींनी स्थानिक संस्थेचे थोडे काम वर नेले.

१९४८ च्या मुंबई दुकाने व आस्थापना कायद्याखालची नोंदणी व्यापाऱ्यांच्या तोंडी ‘गुमास्ता’ म्हणूनच रुळली. कामाचे तास, साप्ताहिक सुट्टी, नोकरांच्या रजा हे त्याचे विषय. कायदा राज्याचा असला तरी त्याची अंमलबजावणी स्थानिक संस्थांनी करावी अशी मूळ कल्पना होती. मुंबईत ती महापालिकेकडे टिकली. इतरत्र कामगार खात्याने हातात घेतली. नगर परिषदांना १९६५ च्या स्वतंत्र कायद्याने दुसरा अधिकार दिला. ज्या धंद्यांपासून आग, धूर किंवा दुर्गंधीचा उपद्रव होऊ शकतो, त्यांना परवाना देण्याचा. लाकडाची वखार हे त्याचे सरळ उदाहरण. १ मे १९८१ ला सिंधुदुर्ग जिल्हा झाला, तेव्हा मालवणचे जिल्हा पातळीवरचे काम रत्नागिरीहून सुटले आणि पुढे ओरोसला आले. अंतर घटले, खात्यांची संख्या मात्र तेवढीच राहिली.

खाद्यपदार्थांच्या बाबतीत २०११ हे वळणाचे वर्ष. अन्न सुरक्षा व मानके कायदा २००६ चा, पण तो लागू झाला ५ ऑगस्ट २०११ ला. वर्षाला १२ लाखांपर्यंत उलाढाल असलेल्या लहान विक्रेत्याने १०० रुपये वार्षिक शुल्क भरून नोंदणी करायची, त्यावरच्याने परवाना घ्यायचा, असा नियम झाला. आंगणेवाडीच्या जत्रेत खाजा विकणाराही या व्याख्येत आला. ही नोंदणी पंचायत किंवा नगरपालिकेच्या अधिकाऱ्याकडे सोपवण्याची मुभा नियमांतच होती. महाराष्ट्रात ती अन्न व औषध प्रशासनाकडेच राहिली. स्थानिक संस्थेला वाटा देण्याची ही चांगली संधी होती आणि ती वाया गेली, असेच म्हणावे लागेल.

खरी गुंतागुंत दिसते ती मालवणजवळच्या तारकर्ली आणि देवबाग या गावांमध्ये. पर्यटन विकास महामंडळाच्या निवास-न्याहारी योजनेमुळे घरातल्याच खोल्या पाहुण्यांना देणारी कुटुंबे येथे व्यावसायिक झाली. ही नोंदणी पुढे पर्यटन संचालनालयाकडे गेली. देवबागमधल्या अशा घराची कागदपत्रे पाहिली तर घराची कर आकारणी दाखवणारा नमुना ८ चा उतारा आणि घरपट्टीची पावती ग्रामपंचायतीची, जेवणाची नोंदणी अन्न व औषध प्रशासनाची, खोल्यांची पर्यटन खात्याची. किनाऱ्यालगत नवे बांधकाम काढायचे तर सागरी किनारा नियमन क्षेत्राचे बंधन आणखी वेगळे. याच घराने पर्यटकांसाठी होडी ठेवली तर परवाना महाराष्ट्र सागरी मंडळाचा. २४ मे २०२२ ला तारकर्लीजवळ पर्यटकांची बोट उलटून दोघांचा मृत्यू झाला, तेव्हा बोटींची तपासणी कोण आणि कधी करते हा प्रश्न ऐरणीवर आला. ज्या गावासमोर बोटी फिरतात, त्या गावच्या पंचायतीकडे त्यांच्या परवान्याचा अधिकार नाही.

२०१५ चा लोकसेवा हक्क कायदा मात्र उलट दिशेने उपयोगी पडला. अधिसूचित सेवा ठरलेल्या मुदतीत देणे नगर परिषदांनाही बंधनकारक झाले. मुदत चुकली तर अपील करता येते आणि दोषी अधिकाऱ्याला ५०० ते ५,००० रुपये दंड होऊ शकतो. ‘आपले सरकार’ पोर्टल याच कायद्याच्या जोडीने पुढे आले. अर्ज राज्याच्या यंत्रणेत जातो, पण जागेवर जाऊन पाहणी करायची असेल तर ती स्थानिक कर्मचाऱ्यालाच करावी लागते.

१९ डिसेंबर २०१७ पासून नवा दुकाने व आस्थापना कायदा लागू झाला. त्याने तेव्हा १० पेक्षा कमी कामगार असलेल्यांना नोंदणीतून वगळले; धंदा सुरू झाल्यापासून ६० दिवसांत ऑनलाइन सूचना पुरेशी ठरली. मालवणच्या बाजारपेठेतील बहुतेक दुकाने घरच्या माणसांवर चालतात, त्यामुळे त्यांची गुमास्त्यासाठीची धावपळ या तरतुदीने संपली. २०२२ च्या दुरुस्तीने मराठी पाटीची सक्ती मात्र याच लहान दुकानांवरही आली. बाकीच्या नोंदी आपापल्या जागी आहेत: अन्नाची, पर्यटनाची, बोटीची आणि नगर परिषदेची. त्यांचे क्रमांक वेगळे, मुदती वेगळ्या, आणि एक काढली म्हणून दुसरी चुकत नाही.