कपाळावरचा केस

रोमच्या बोर्गेसे गॅलरीत वेळ ठरवून आत सोडतात आणि दोन तास झाले की बाहेर काढतात. माझा त्यातला पाऊण तास गेला एकाच माणसाच्या दोन अर्धपुतळ्यांपुढे. कार्डिनल शिपिओने बोर्गेसे. मामा १६०५मध्ये पोप झाला, पाचवा पॉल, आणि भाच्याचं नशीब फळफळलं. चित्रांचा याला भारी सोस. १६०७मध्ये एका चित्रकाराची शंभरावर चित्रं जप्त होऊन याच्या घरी आली. पुढच्याच वर्षी पेरुजाच्या चर्चमधून राफाएलचं चित्र रातोरात हललं. मामाच पोप, तक्रार करायची कोणाकडे?

पुतळे शिल्पकार बेर्निनीचे, १६३२चे. गिऱ्हाइकाला ताटकळत बसवणं त्याला पसंत नव्हतं. त्याला बोलू द्यायचं, हिंडूफिरू द्यायचं, आपण रेखाटत राहायचं. माणूस बोलायला तोंड उघडतो किंवा बोलून नुकता थांबतो, तो क्षण बेर्निनीला हवा असे. इथेही ओठ किंचित विलग आहेत. हनुवटीखाली मांसाची वळी, आणि एक बटण काजात धड शिरलेलंच नाही. बुबुळं खोल कोरली आहेत. त्या खळग्यांत सावली साठते आणि पांढऱ्या दगडाला नजर येते. बेर्निनीचं म्हणणं असं, की जित्या माणसाचे केस, दाढी, ओठ पांढरेफटक केले तर घरचेही त्याला ओळखणार नाहीत. संगमरवराची अडचण तीच. म्हणून डोळ्यांभोवतीचा काळेपणा दाखवायला, चेहऱ्यावर खळगा नसला तरी दगडात तो घ्यावा लागतो.

काम संपत आलं आणि कपाळावर, टोपीच्या खाली, आडवी भेग निघाली. इटालियनमध्ये दगडातल्या अशा भेगेला ‘पेलो’ म्हणतात, म्हणजे केस. बेर्निनीनं गुपचूप दुसरा दगड घेतला. चरित्रकार बाल्दिनुच्ची सांगतो, पंधरा रात्री लागल्या. बेर्निनीचा मुलगा म्हणतो, तीन दिवस. (बापाच्या गोष्टी मुलं सांगतात त्या अशाच.) कार्डिनल आला तेव्हा त्याच्यापुढे आधी भेगेचाच पुतळा ठेवला. त्यानं निराशा गिळली. मग दुसऱ्यावरचं कापड निघालं.

मला विचाराल तर दुसरा सुबक आहे, पण जरा झोपाळलेला. बोलेल असं वाटतं ते पहिल्याकडे बघताना, भेगेसकट.

वेळ संपल्याचं सांगायला पहारेकरी आला, तेव्हा मी त्या बटणाशी अडकलो होतो. हात नकळत स्वतःच्या शर्टाकडे गेला.